दोन कर, म्हणाला

लाउशात सगळेच काचेवर जगतात.
आजोबा बाहुल्यांचे डोळे करायचे.
सोमवारी निळे, मंगळवारी निळेच,
बुधवारी कांडी बदलून तपकिरी.
रंग बदलला की अर्धा दिवस फुकट जातो,
म्हणून एकाच रंगाचे होतील तितके करून घ्यायचे.
बारा डझनांचा एक ट्रे, खाली कापूस.
झाकण उचललं की
बहात्तर बाहुल्या एकदम आमच्याकडे बघायच्या,
चेहरे यायचे होते अजून.

खाली दरीत बाटल्यांचा कारखाना आहे.
तिथली भट्टी अकरा वर्षं विझलेली नाही.
विझली तर काच आतच गोठते,
मग भट्टीच फोडावी लागते.
नाताळच्या रात्रीसुद्धा कुणीतरी तिच्यापाशी बसतं.
तिचा डोळा लागत नाही,
म्हणून पाळीवरच्या कुणाचाच लागत नाही.
मिनिटाला तीनशे बाटल्या,
आणि माझा भाऊ गेरविन त्यांच्या वळणावर उभा.
मला चिडवायचा,
तुझा एक डोळा होईतो, हिल्ट्रुड,
मी अख्ख्या कोबुर्गची बिअर भरून देतो.

मी माणसांचे डोळे करते.
माणूस समोर बसतो, आमच्या मध्ये गॅसची ज्योत.
पांढऱ्या नळीचा गोळा फुंकते,
बुबुळावर काड्यांनी रंग ओढते, राखाडीवर हिरवा,
हिरव्यावर एखादा पिवळा ठिपका असेल तर तोही.
शेवटी केसाएवढ्या लाल शिरा.
त्या नसल्या तर डोळा बाहुलीचा वाटतो.
तासाला एक. कधी दोन तासांना एक,
कधी दोन तासांनी तडकतो.
एक बाई म्हणाल्या होत्या, जरा थकलेला करा,
शेजारचा थकलाय.
केला.

फेब्रुवारीत वळणावर एक बाटली फुटली.
एवढंच. तीनशेतली एक.
हिशेबाच्या वहीत तिला तूट म्हणतात,
शेकडा अमुक इतकी तूट धरलेलीच असते.
पट्टा चार मिनिटं थांबला होता.
गेरविनला तो आकडा पाठ आहे,
बाराशे, म्हणाला, बाराशे बाटल्या गेल्या माझ्यापायी.

उन्हाळ्यात तो माझ्यासमोर बसला.
त्याच खुर्चीत, हात मांडीवर, शाळेत बसायचा तसा.
पन्नास वर्षं एका ताटात जेवलो,
आणि त्याच्या डोळ्यांचा रंग मला सांगता येईना.
काड्यांचा डबा उघडून नुसती बसले.
बघ ना, म्हणाला.
बघत होते.
निळा नव्हता. आई निळा म्हणायची म्हणून
आम्ही सगळे निळाच म्हणत आलो.
ओल्या पाटीसारखा होता,
काठाला गंजाची एक रेघ.

दोन कर, म्हणाला. एक हरवला तर?
कारखान्यातली सवय.
मी म्हटलं, दुसरा असाच होणार नाही.
होईल की, तीच काच, तोच हात.
मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा केला,
तीच नळी, त्याच काड्या, ज्योतही तेवढीच.
डब्यात दोघे हळूहळू निवाले.
संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवले.
पहिला त्याचा होता.
दुसरा जरा आईच्या बाजूला गेला होता,
म्हणजे खरंच थोडा निळा.

गेरविननं दोन्ही आळीपाळीनं घालून पाहिले,
आरशात, मग खिडकीच्या काचेत,
मग घड्याळ बघितलं. रात्रपाळी.
आता वळणावर नाही, पेट्या मोजायला बसवलंय.
बिल कर, म्हणाला, दोनाचं.

निळा घालून गेला.
दुसरा कापसावर आहे, आजोबांच्या ट्रेमध्ये,
एकशे चव्वेचाळीस खळग्यांतला एक भरलेला.